ट्रेलरवरचा ट्रॅक्टर पुढे सरकला. एकही पट्टा तुटला नाही, मग चुकलं कुठे?

बांधावरून (धागाकर्ता)

मंडळी, परवाचा प्रसंग जरा सविस्तर लिहितो. नेमकं काय चुकलं ते अजून कळलेलं नाही आणि पुढच्या आठवड्यात हीच फेरी पुन्हा करायची आहे.

छोटा ट्रॅक्टर आहे, वजन साधारण ९०० किलो. मागे रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जोडलेला, तो वेगळा २५० किलोच्या आसपास. दोन आसांच्या ट्रेलरवर चढवला, गिअरमध्ये ठेवला, हँडब्रेक ओढला आणि चारही कोपऱ्यांना रॅचेटचे (खटक्याच्या दांड्याने ताणायचे) पट्टे लावले. पुढचे दोन पुढच्या अ‍ॅक्सलपासून ट्रेलरच्या पुढच्या कड्यांना, मागचे दोन मागून बाजूच्या कड्यांना. पट्टे नवे होते आणि हाताने वाजवले तर टणटण आवाज येईल इतके ताणले होते.

चाळीसेक किलोमीटर गेल्यावर पुढच्या गाडीने एकदम ब्रेक मारला, मलाही मारावा लागला. मागून धाडकन आवाज आला. उतरून पाहतो तर ट्रॅक्टर चांगला वीतभर पुढे सरकून ट्रेलरच्या पुढच्या आडव्या पाइपला टेकलेला. पुढचे दोन्ही पट्टे पूर्ण ढिले होऊन लोंबत होते. फळ्यांवर चिखल होता, पाऊस नुकताच थांबला होता.

कुणाला इजा झाली नाही. पण समोरच्या गाडीत लहान मुलं होती. माझा ट्रॅक्टर थोपला तो त्या एका पाइपमुळेच, हा विचार दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

पुढचे पट्टे कमी पडले असं मला वाटतं. तिथे दुप्पट ताकदीचे घ्यावेत की साखळी लावावी?

रात्रपाळी

दादा, सगळे सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. मोठ्या गाड्यांवर यंत्रं वाहून नेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून स्पष्टच सांगतो: पुढचे पट्टे कितीही जाड घेतलेत तरी हा प्रसंग टळणार नाही.

तुमचे पुढचे पट्टे ट्रॅक्टरला कुठे ओढत होते? पुढेच. ब्रेक मारल्यावर ट्रॅक्टर जातो कुठे? तोही पुढेच. म्हणजे त्या क्षणी पुढचे पट्टे त्याला अडवत नाहीत. तो सरकला की ते आपोआप सैल पडतात, आणि तुम्ही तेच पाहिलंत. ब्रेकच्या वेळी माल धरून ठेवतात ते मागे ओढणारे पट्टे. ट्रॅक्टरपासून निघून ट्रेलरच्या शेपटाकडे जाणारे. पुढे ओढणारे पट्टे कामाला येतात ते गाडी झटक्यात उचलताना, चढावर किंवा मागून धक्का बसला तर.

ही गल्लत फार जणांची होते. पुढून बांधलं म्हणजे पुढे जाणार नाही, असं मनाला वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे.

तेव्हा आता मागच्या दोन पट्ट्यांबद्दल सांगा. ते ट्रॅक्टरच्या नेमक्या कुठल्या भागाला अडकवले होते? आणि तिथून मागे जात होते की सरळ खाली?

बांधावरून

काका, हे वाचून खरंच हादरलो. इतकी वर्षं मी उलटा विचार करत होतो.

मागचे पट्टे रोटाव्हेटरच्या फ्रेमला अडकवले होते, कारण मागून तोच हाताशी येतो. तिथून बाजूच्या कड्यांपर्यंत जवळजवळ सरळ खालीच. मागे ट्रेलरला कड्या आहेत, पण रॅम्पच्या बिजागऱ्यांमुळे तिथे हुक नीट बसत नाही.

लोखंडमाती

एक विचारतो. रोटाव्हेटर हायड्रॉलिकवर उचललेला होता की फळ्यांवर टेकवलेला?

बांधावरून

उचललेला. फळ्यांना पाती लागू नयेत म्हणून चार-पाच बोटं वर ठेवला होता. पण तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं, थांबून पाहिलं तेव्हा तो फळ्यांवर टेकलेला होता! मला वाटलं धक्क्याने आला असेल.

लोखंडमाती

धक्क्याने नव्हे, तो वाटेतच हळूहळू उतरला. इंजिन बंद केलं की उचललेलं अवजार फक्त सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर उभं असतं. सीलमधून, व्हॉल्व्हमधून ते तेल थोडं थोडं परत जातं. नव्या ट्रॅक्टरचं कमी, जुन्याचं जास्त, पण जातं. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी त्याला आणखी मदत होते. तुमचा रोटाव्हेटर चार बोटं खाली आला आणि त्याच्या फ्रेमवरून खाली ओढलेले पट्टे तितकेच सैल झाले. निघताना टणटण वाजणारा पट्टा चाळीस किलोमीटरवर नुसता लोंबत होता. म्हणजे ब्रेक मारला त्या क्षणी तुमच्या ट्रॅक्टरला मागून कुणीच धरलेलं नव्हतं. धरून होता तो फक्त हँडब्रेक. ओल्या चिखलाच्या फळीवर चाक फिरलं नाही तरी ते घसरतंच.

म्हणून नियम सोपा आहे: जे उचलता येतं ते सगळं खाली टेकवायचं. रोटाव्हेटर, लोडरची बादली, कापणीचं डेक, सगळं. खाली लाकडी फळकूट ठेवलं की पातीही वाचतात. टेकवल्यावर लिव्हर खालच्याच टोकाला ठेवायचा. आणि अवजाराला स्वतःचा वेगळा पट्टा हवा. ट्रॅक्टर बांधायचा तो ट्रॅक्टरच्या अंगाला.

गावशिव

+१. लोडरची बादली उचललेली ठेवून नेणारे मी पाहिलेत. भीतीच वाटते.

रात्रपाळी

लोखंडमातींनी नेमकं पकडलं. आता कोनाचं सांगतो. सरळ खाली ओढलेला पट्टा किती वाया जातो ते आकड्यांतच दिसतं.

जोरात ब्रेक लागला की मालावर पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट जोर येतो, असं धरून बांधणीचा हिशेब करतात. बाजूला आणि मागे ०.५ पट. तुमचा ट्रॅक्टर ९०० किलोचा, म्हणजे पुढे ७२० किलोचा जोर. तो मागच्या दोन पट्ट्यांत वाटला तर प्रत्येकी ३६०. फळीची पकड मी धरतच नाही. ओली फळी आणि चिखलाचं टायर यांच्यावर भरवसा ठेवून हिशेब करू नये.

पण पट्टा तिरका असतो, त्याचा पूर्ण ताण मागे ओढायला मिळत नाही. काही खाली जातो, काही बाजूला. वरून पाहिलं तर पट्टा गाडीच्या दिशेशी ४५ अंशांत आणि बाजूने पाहिलं तर फळीशी ४५ अंशांत असेल, तर मागे ओढायला त्याचा निम्माच ताण मिळतो. म्हणजे ३६० साठी पट्ट्यात ७२० चा ताण येणार. दोन्ही कोन ३० अंश केले तर पाऊण हिस्सा मिळतो आणि ४८० किलोत काम भागतं. आता तुमचा पट्टा घ्या. फळीशी ७५ अंश म्हणजे जवळजवळ उभा, वरून ४५. मागे ओढायला पाचवा हिस्साही मिळत नाही. त्याच ३६० किलोंसाठी पट्ट्यात जवळपास २००० किलोंचा ताण यायला हवा! तेवढा ताण येईपर्यंत ट्रॅक्टर सरकत राहतो आणि सरकत सरकत पट्टा तिरका होतो, मग कुठे तो धरायला लागतो.

अगदी आडवा पट्टाही नको, हे लगेच सांगतो. तो खाली दाबत नाही, मग खड्ड्यात ट्रॅक्टर उडतो. फळीशी ३० ते ४५ अंशांच्या मध्ये ठेवा.

नांगरफाळ

पट्ट्यावर ४५०० लिहिलेलं असतं, मग ७२० ची काळजी कशाला? विचारायचं म्हणून विचारतोय.

रात्रपाळी

चांगला प्रश्न. मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बऱ्याचदा तुटण्याचा असतो. काम करायचं ते दुसऱ्या, लहान आकड्यावर. पट्ट्यांमध्ये तो साधारण तुटण्याच्या एक तृतीयांश असतो, म्हणजे ४५०० च्या पट्ट्याचा १५००. आणि हा आकडा सगळ्या जोडणीचा असतो: पट्टा, रॅचेट, हुक, ट्रेलरची कडी. यांतला जो सगळ्यात कमजोर, तोच तुमचा खरा आकडा. १५०० चा पट्टा घेऊन तो पातळ पत्र्यावर वेल्ड केलेल्या कडीत अडकवला, तर बांधणीचा आकडा त्या वेल्डिंगचा. लेबल फाटलेलं असेल, पट्ट्याचा अर्धा पदर कातरला असेल, उन्हाने रंग उडून धागे कडक झाले असतील, तर तो पट्टा ताडपत्रीला वापरा, ट्रॅक्टरला नको.

वेल्डिंगवाला

कडीचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. दुरुस्तीला येणाऱ्या ट्रेलरांमध्ये कडी उपटलेली असते तेव्हा बहुतेक वेळा ती बाजूच्या पत्र्याला लावलेली निघते. कडी चॅसीच्या पट्टीला हवी, मागे जाड पाटी देऊन. बांधावरून दादांना मागे हुक बसत नाही म्हणून बाजूला बांधावं लागलं. त्यांनी मागच्या आडव्या चॅनेलला, रॅम्पच्या बिजागऱ्यांच्या आतल्या अंगाला, दोन नव्या कड्या लावून घ्याव्यात. एका दिवसाचं काम आहे. बांधणीची दिशा चुकली ती कडी चुकीच्या जागी होती म्हणून.

लोखंडमाती

ट्रॅक्टरला कुठे अडकवायचं तेही लिहून टाकतो, कारण घाईत माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

मागे ड्रॉबारचा (ट्रॉली ओढायच्या दांड्याचा) ब्रॅकेट किंवा मागच्या आसाचं हाउसिंग. पुढे अ‍ॅक्सलचा मधला जाड भाग, किंवा वजनं टांगायचा ब्रॅकेट चॅसीला बोल्ट केलेला असेल तर तो. स्टिअरिंगच्या सळयांना कधीच नाही, त्या वाकल्या तर नंतर ट्रॅक्टर सरळ चालणार नाही. हायड्रॉलिकच्या नळ्या आणि सिलिंडरचा दांडा यांना पट्टा घासतासुद्धा कामा नये. अवजार जोडायच्या लिंकेजचे खालचे हात डावी-उजवीकडे हलतात, तिथेही नको. पुढचा बंपर बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरवर फक्त शोभेचा असतो. रोलबारवरून (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणाऱ्या चौकटीवरून) पट्टा टाकणारेही आहेत. तिथून ओढलं की जोर उंचावर लागतो, आणि ती चौकट बांधणीसाठी केलेलीच नाही.

कड जिथे धारदार असेल तिथे पट्ट्याखाली जुन्या टायरचा तुकडा. पट्ट्याला गाठ मारून लांबी कमी करायची नाही, गाठीने ताकद निम्म्यापर्यंत खाली येते.

काळीमाय

मी शेती एकटीने बघते, ट्रॅक्टर ट्रेलरवर मीच चढवते-उतरवते. इथे सगळी चर्चा बांधण्याची चालली आहे. मला वाटतं जिवाला खरा धोका बांधण्याआधीच्या त्या दोन मिनिटांत असतो, रॅम्पवर. म्हणून मुद्दाम लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मागे अवजार जोडलेला ट्रॅक्टर मी सरळ, तोंड पुढे करून चढवत होते. रॅम्प आखूड, म्हणून उभा. मागची चाकं रॅम्पवर आली आणि पुढची चाकं हलकी झाली. आधी स्टिअरिंग हातात रिकामं वाटलं, मग बॉनेट वर यायला लागलं. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर वाढवला असता तर आज हे लिहीत नसते. क्लच दाबला, पुढची चाकं खाली बसली, मग ब्रेकवर धरून इंच इंच मागे उतरवला. रोलबार उभा होता आणि बेल्ट लावलेला होता. पण तो आधार कामाला यायची वेळच येऊ नये.

तेव्हापासून मी काय करते ते सांगते. मागचं अवजार आधी सोडते. नुसता ट्रॅक्टर मागच्या बाजूने, उलटा चढवते, म्हणजे जड टोक चढाच्या वरच्या अंगाला राहतं आणि उलटण्याची भीती कमी होते. दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांना जोडणारा खटका आधी लावते. शेतात वळायला ती वेगळी करतो आणि तशीच राहतात. रॅम्पवर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रेलर कायम गाडीला जोडलेला, सपाट जागेवर, गाडीचा हँडब्रेक लावून, चाकांना पुढून-मागून ठोकळे घालून. रॅम्प नुसता टेकवलेला चालत नाही, पिनने किंवा साखळीने ट्रेलरला बांधलेला हवा. चढताना चाक फळी मागे ढकलतं आणि ती निसटते.

आणि मागे कुणी उभं राहायचं नाही. मदतीला आलेला माणूस हमखास मागेच उभा राहतो, त्याला आधी बाजूला करायचं, मगच सुरू करायचं.

गावशिव

ताई, ट्रेलरच्या शेपटाखाली जॅक देता का? चढताना आमच्या गाडीची मागची बाजूच उचलली जाते.

काळीमाय

हो, दोन्ही कोपऱ्यांना. ट्रॅक्टर शेपटावर असतो तेव्हा ट्रेलर तराजूसारखा होतो: शेपूट खाली, दांडी (गाडीला जोडायचं पुढचं टोक) वर. गाडीची मागची चाकं हलकी झाली की तिचा हँडब्रेक निरुपयोगी. पण निघण्याआधी जॅक वर घेतल्याची खात्री करून घ्या.

नांगरफाळ

उलटा चढवला तर इंजिनचं वजन मागे जातं ना? दांडीवर भार कमी पडून ट्रेलर डोलणार नाही का? आमचा एकदा नागासारखा डोलायला लागला होता.

रात्रपाळी

बरोबर विचारलंत. चढवायच्या दिशेइतकंच, चढवल्यावर तो कुठे उभा करायचा हेही महत्त्वाचं आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा असा ठोकताळा आहे, अर्थात तुमच्या गाडीच्या हूकची मर्यादा न ओलांडता. ट्रेलर-ट्रॅक्टर मिळून १६०० किलो असतील तर दांडीवर १६० ते २४०. कमी झाला की शेपूट जड होऊन ट्रेलर डोलतो. जास्त झाला की गाडीची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग धरत नाही.

छोट्या ट्रॅक्टरचं वजन मागच्या आसावर जास्त असतं. टायरमध्ये पाणी भरलं असेल तर आणखी. त्यामुळे उलटा चढवल्यावर जड मागची चाकं ट्रेलरच्या पुढच्या अंगाला येतात, हे उलट सोयीचंच आहे. ट्रेलरचा आस कुठे आहे ते पाहून वीत-दोन वीत पुढे-मागे करा. जागा पटली की फळीवर रंगाने खूण करून ठेवा. सोडलेला रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या पुढे किंवा मागे ठेवताना हाच हिशेब पुन्हा करा, २५० किलो शेपटावर गेले की गणित बदलतं.

डोलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक जोरात मारू नका, स्टिअरिंगने त्याच्याशी झुंजू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या. मग थांबून माल पुढे घ्या.

एक विसरू नका: ट्रॅक्टर उलटा उभा असेल तर त्याचं तोंड ट्रेलरच्या शेपटाकडे येतं. म्हणजे ट्रेलरच्या शेपटाकडे जाणारे पट्टे आता ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलवरून निघणार. ट्रेलरच्या शेपटाकडे कोणता पट्टा ओढतोय, एवढंच पाहायचं.

शेतयंत्र

साखळीच बरी, माझं मत. पट्टा ताणतो, साखळी ताणत नाही.

लोखंडमाती

अर्धं पटतं. पोकलेनसारखं लोखंडी ट्रॅकवर चालणारं जड यंत्र असेल तर साखळीच. पण रबरी टायरवरचा ट्रॅक्टर स्वतःच स्प्रिंगवर उभा असतो. खड्ड्यात टायर दबला की साखळी क्षणभर सैल होते आणि उसळी आली की झटका देते. म्हणून साखळी लावायची तर टायर थोडे दबतील इतकं खाली ओढून लावा. पॉलिएस्टरचा पट्टा ती उसळी थोडी सामावून घेतो. नायलॉनचा दोर मात्र नको, तो फार ताणतो आणि भिजला की आणखी सैल पडतो.

एकाच दिशेला एक साखळी आणि एक पट्टा असं मिश्रण करू नका. साखळी ताणत नाही म्हणून सगळा भार आधी तीच घेते, शेजारचा पट्टा नुसता बघत राहतो.

साखळी ताणायला लिव्हरचा बाइंडर असेल तर त्यावर पाइप चढवून जोर लावू नका. सोडताना तो उलटून तोंडावर येतो. रॅचेटचा बाइंडर सावकाश सुटतो, तोच घ्या.

मळणी

पॉवर टिलरचं (मागून चालत हाताने धरून चालवायच्या नांगरणी यंत्राचं) काय? उंच, अरुंद, दोनच चाकं. आमचा कायम कलतो.

लोखंडमाती

हँडल धरून बांधता ना? हँडल वाकतं, बांधणी सुटते. इंजिनखालच्या फ्रेमला किंवा गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटला चार बाजूंनी बांधा. पुढे स्टँड टेकवा, चाकांच्या दोन्ही अंगांना फळीला स्क्रूने बसवलेले लाकडी ठोकळे लावा. पेट्रोलचा कॉक बंद, टाकीचं झाकण घट्ट.

वेल्डिंगवाला

ट्रॅक्टरचं छत आणि बॉनेटही बघा. ट्रॅक्टर शेतात २० च्या वेगाने चालतो, ट्रेलरवर ६० चा वारा खातो. उलटा उभा असेल तर वारा बॉनेटच्या फटीत मागून शिरतो. एक हलका पट्टा बॉनेटवरून टाका, कापडाचं छत काढून ठेवा.

बांधावरून

सगळ्यांचं वाचून आज सुटीच्या दिवशी संपूर्ण बांधणी पुन्हा केली, म्हणून लिहितो.

आधी फळ्या खरवडून, धुऊन, वाळवल्या. वेल्डिंगवाले दादांनी सांगितल्याप्रमाणे मागच्या चॅनेलला दोन कड्या लावून घेतल्या. रोटाव्हेटर सोडून ट्रेलरच्या पुढच्या अंगाला फळकुटावर ठेवला, त्याला त्याचे दोन पट्टे. ताईंच्या पद्धतीने ट्रॅक्टर उलटा चढवला, ब्रेकचा खटका लावून. खरं सांगतो, तो खटका माझ्या ट्रॅक्टरवर आहे हेच मला माहीत नव्हतं, गंजून बसला होता. तेल घालून मोकळा केला.

मग चार पट्टे. शेपटाकडे जाणारे दोन पुढच्या अ‍ॅक्सलवरून, ट्रेलरच्या पुढच्या टोकाकडे जाणारे दोन ड्रॉबारच्या ब्रॅकेटवरून. मुलाच्या कंपासमधला कोनमापक लावून पाहिलं, फळीशी साधारण ३५ अंश आले. रॅचेटच्या दांड्यावर पट्ट्याचे तीन वेढे बसले आणि उरलेलं टोक बांधून टाकलं.

रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारली. दहा किलोमीटरवर थांबलो. शेपटाकडचा उजवा पट्टा दोन खटके आत घेतला गेला, बाकी तीन जसेच्या तसे. पुन्हा पंचवीसवर थांबलो, तिथे एकही हलला नाही. वाटेत मुद्दाम जरा कडक ब्रेक मारून पाहिला. मागून काही आवाज आला नाही. खडूने फळीवर टायरभोवती रेघ मारली होती, ती टायरला चिकटूनच होती.

रात्रपाळी काका, अजून एक विचारायचं आहे. लांबच्या फेरीत किती किती अंतराने थांबून पाहायचं?

रात्रपाळी

पहिली तपासणी दहा-पंधरा किलोमीटरवर, तुम्ही केलीत तशी. टायर, लाकूड, पट्टा सगळं तोवर बसलेलं असतं. मग दर दोन तासांनी, आणि पाऊस लागला, रस्ता खराब लागला, किंवा जोरात ब्रेक मारावा लागला तर लगेच. उतरलात की पट्टे बघता बघता ट्रेलरच्या चाकांच्या नटांवर आणि कपलिंगच्या पिनवरही हात फिरवा. खडूची रेघ मात्र झकास, ती मी आता आमच्या पोरांनाही मारायला सांगतो.